वीणा गळ्यात आली, राग मात्र गेला नाही

ताई, राम कृष्ण हरी.

मी ४२ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमच्या गावाची दिंडी माउलींच्या सोहळ्यात रथामागे चालते. अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर ती सांभाळत आले. गळ्यात वीणा घेऊन चालणारे विणेकरी तेच, भिशी म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी गोळा करणारे तेच, वही लिहिणारेही तेच. गेल्या फाल्गुनात ते गेले. तेराव्याच्या जेवणानंतर जाणती मंडळी ओट्यावर बसली आणि दिंडी माझ्याकडे आली. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आषाढीला १४० माणसं होती. नातेपुत्याच्या मुक्कामाला आमचा ट्रक गर्दीत अडकला, त्यात ऐन वेळी सिलिंडर संपला. भरलेला जास्तीचा सिलिंडर घ्यायचं मीच विसरलो होतो. पंगत बसायला रात्रीचे साडेदहा झाले आणि भात कच्चा निघाला. पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "अण्णा असते तर असं झालं नसतं." माझं डोकंच फिरलं. स्वयंपाक बघणारे आमचे नाना सत्तरीचे, अण्णांच्या बरोबरीचे. सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणालो, "जमत नसेल तर घरी बसा, फुकट पंढरपूर बघायला येता." स्वयंपाकाच्या माणसांकडून आम्ही भिशी घेत नाही, म्हणून तो शब्द. त्यांनी वाढप पुरं केलं आणि न जेवता झोपले. सकाळी मी त्यांच्या पाया पडलो. तेही माझ्या पाया पडले, "माउली" म्हणाले. मला वाटलं विषय मिटला. पण कार्तिकीला ते आले नाहीत. येत्या आषाढीच्या यादीतही त्यांनी नाव दिलेलं नाही, आणि त्यांच्या आळीतल्या तीन-चार घरांनीही.

मी माळकरी आहे. हरिपाठ चुकत नाही, एकादशी मोडत नाही. तरी शाळेत, घरात, दिंडीत राग येतोच. मग या साधनेचा उपयोग काय? ज्याला स्वतःला सांभाळता येत नाही त्यानं दिंडी कशी सांभाळायची? वीणा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालून मोकळं व्हावं असं सारखं वाटतं. काय करू?

एक विणेकरी


दादा, राम कृष्ण हरी.

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून त्याचा गोषवारा वर दिलाय. त्या पत्रात ट्रकचं भाडं आहे, टँकरवाल्याशी झालेली घासाघीस आहे, भिशीची कुणाकडे किती बाकी राहिली तेही आहे. अण्णा गेले हे मात्र एका ओळीत आहे. मला आधी त्या ओळीबद्दल बोलायचंय.

तेराव्याच्या दिवशी तुमच्याकडे दिंडी आली. म्हणजे वडील गेल्यानंतर मुलगा म्हणून तुम्हाला जेमतेम तेरा दिवस मिळाले, आणि तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांचं करण्यात गेले असणार. पुढे चार महिन्यांनी तुम्ही आळंदीहून निघालात ते त्यांच्याच रस्त्यानं, त्यांचीच वीणा घेऊन. सासवडला, वाल्ह्याला, लोणंदला, फलटणला, प्रत्येक मुक्कामावर त्यांना ओळखणारं कुणी ना कुणी असणारच. कुणी जागा देणारं, कुणी पहाटे चहा पाजणारं. "अण्णा दिसत नाहीत?" असं त्यांनी विचारायचं आणि तुम्ही सांगायचं. मग वीणा सावरून पुढच्या अभंगाला उभं राहायचं. हे किती वेळा झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण झालं नसेल असं मला वाटत नाही. "अण्णा असते तर" हे वाक्य दिवेघाट चढतानाच तुमच्या मनात सुरू झालं असावं. नातेपुत्याला ते पंगतीतल्या एकानं मोठ्यानं म्हटलं, एवढंच.

त्या रात्रीचा क्रमही नीट बघा. ते वाक्य बोलला कुणी दुसराच. सिलिंडर विसरलात तुम्ही. आणि बोलणी खाल्ली नानांनी. वाक्य बोलणारा माणूस गावातला वजनदार असावा, त्याच्यावर आवाज चढवायची हिंमत झाली नसेल. स्वतःची चूक पंगतीसमोर कबूल करायची ताकद त्या घटकेला नव्हती. राग पाण्यासारखा उताराकडे वाहतो. जो उलट बोलणार नाही, ज्याच्या हातात पळी आहे आणि ज्याला अजून शंभर पानं वाढायची आहेत, तिथे तो जाऊन थांबला. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. माणसं सांभाळायचं काम ज्याच्याकडे येतं त्याला आपल्या रागाची ही वाट पाठ असावी लागते. शाळेतही एकदा तपासून बघा. केंद्रप्रमुखांचा राग कुठल्या मुलावर निघतो? घरी कोण समोर येतं? तीन ठिकाणची तीन नावं निघतील आणि तिघांत एक गोष्ट सारखी असेल: त्यांना तुम्हाला प्रत्युत्तर देता येत नाही.

रागाच्या तळाशी त्या रात्री काय होतं, हेही स्वतःला विचारा. माझ्या अंदाजानं तिथे लाज होती, भीती होती आणि पोरकेपण होतं. दिवसभर चालणं झालेलं, पोटात काही नाही, आधीच्या रात्री दोन-तीन तासांची झोप. अशा वेळी लाज ही लाज म्हणून जाणवतच नाही. ती थेट संताप होऊन तोंडातून बाहेर पडते. "मला आत्ता लाज वाटतेय" एवढं मनातल्या मनात म्हणता आलं तरी जिभेला क्षणभर उसंत मिळते. भावनेची वाढ म्हणतात ती अशीच असते, फार भव्य काही नसतं. आपल्या आत आत्ता काय चाललंय ते वेळेवर ओळखता येणं, आणि ते भलत्याच माणसाच्या अंगावर न टाकणं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. हरिपाठ चुकत नाही, तरी राग का येतो?

मला वाटतं, हरिपाठानं राग आपोआप धुऊन निघावा ही अपेक्षाच तुम्हाला जास्त छळतेय. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान कशाला म्हणायचं ते सांगितलंय. यादी सुरू होते ती अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव अशी. मान मिळावा असं न वाटणं, देखावा न करणं, कुणाला न दुखवणं, सोसणं, सरळपणा. यातला एकही गुण खोलीचं दार लावून तपासता येत नाही. क्षांती आहे की नाही हे भात कच्चा निघाल्यावरच कळणार. माउलींनी ज्ञानेश्वरीत त्या अध्यायात अहिंसेवर किती विस्तार केलाय ते तुम्हाला ठाऊकच आहे. अहिंसक माणूस चालतो कसा, बोलतो कसा, बघतो कसा, त्याचा हात कसा उठतो, हे सगळं ते सांगतात आणि बोलण्याबद्दल "साच आणि मवाळ" अशी जोडी देतात. खरं आणि मऊ, दोन्ही एकाच वेळी. तुम्ही नानांना बोललात ते दोन्हींपैकी एकही नव्हतं. भात कच्चा होता हे खरं होतं, पण तुम्ही भाताबद्दल बोललाच नाहीत. तुम्ही "फुकट" म्हणालात.

तेव्हा साधना वाया गेली असं मी म्हणणार नाही. ती हरिपाठाच्या शेवटच्या चरणापाशी थांबत होती आणि स्वयंपाकाच्या तंबूपर्यंत पोचत नव्हती, इतकंच. तिला तिथवर न्यायचं कसं, याचा एक साधा परिपाठ सांगते. रात्री हरिपाठ झाल्यावर लगेच उठू नका. आज कुणाशी बोलताना माझा आवाज चढला, त्या माणसाचं नाव घ्या. घटना आठवायची नाही, तिची कारणं शोधायची नाहीत, बाजू मांडायची नाही. फक्त नाव, आणि त्या वेळचा त्या माणसाचा चेहरा. सकाळी त्या माणसाशी कामाचं सोडून एक वाक्य बोला. हे आषाढीपुरतं ठेवू नका, आजपासून शाळेत आणि घरी सुरू करा. सुरुवातीला रोज कुणी ना कुणी सापडेल आणि त्रास होईल. होऊ द्या. काही आठवड्यांत आवाज चढायच्या आधीच ते नाव समोर येऊ लागतं, असं माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बऱ्याच जणांनी मला सांगितलंय.

वीणेबद्दल आणखी एक गोष्ट. ती वारकरी घरांत फारशी बोलली जात नाही. विणेकऱ्याच्या पाया दिवसभर लोक पडतात. रस्त्याच्या कडेला उभी असलेली म्हातारी माणसं, कडेवर लेकरू घेतलेल्या बायका, गाडी थांबवून उतरलेले प्रवासी. ते सगळे नमस्कार वीणेला असतात, पण वाकतात ते तुमच्या पायांशी. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत असं झाल्यावर तोच माणूस रात्री तंबूत येतो आणि त्याला कुणीतरी विचारतं, "डाळ कुठंय? पाणी का नाही आलं?" हा उतार फार अवघड आहे. भल्याभल्यांना तो उतरता आलेला नाही. गाडगेबाबा कुणाला पायांना हात लावू देत नसत. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा उभी केली, आणि गावोगाव हातात खराटा घेऊन आधी रस्ता झाडला. त्यांना मिळणारा मान तुमच्या-माझ्या कल्पनेपलीकडचा होता, आणि त्या मानाचं काय करायचं हे त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. तुम्हीही काहीतरी ठरवा. माझी सूचना अशी: मुक्कामावर पोचून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली की पुढचं तुमचं पहिलं काम हातानं करायचं असू द्या. पाण्याची घागर भरा, भाजी निवडा, पंगतीत पहिली फेरी तुम्ही वाढा. नानांच्या शेजारी चुलीपाशी अर्धा तास बसला असतात तर सिलिंडर संपत आलाय हे तुम्हाला साडेदहाच्या आधी कळलं असतं.

नामदेवांची गोष्ट तुम्ही कीर्तनात कितीदा ऐकली असेल. गोरोबाकाका कुंभार मडकी तपासायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले आणि मडकं कच्चं ठरलं. परंपरेनं ही कथा जपली ती नामदेवांसारख्या माणसाबद्दल, ज्यांच्याशी प्रत्यक्ष विठ्ठल बोलतो असं मानलं जायचं. म्हणजे देवाशी इतकी जवळीक असूनही माणसांत बसल्यावर कच्चेपण उघडं पडू शकतं, हे आपल्या संतपरंपरेनं कधी लपवलेलं नाही. नामदेव त्यानंतर औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. कीर्तन सोडून घरी बसले नाहीत. पुढे त्यांचं नाव पंजाबपर्यंत गेलं. तुमच्या पत्रात मला जाणवलं ते हे की तुम्हाला थापटणारं आज कुणीच नाही. अण्णा होते तोवर ते असतील. आता दिंडीत सगळे तुम्हाला माउली म्हणतात, शाळेत सर म्हणतात. तुम्हाला बाजूला घेऊन "आज चुकलास" असं म्हणू शकेल असं एक माणूस ठरवा. वयानं मोठं असायलाच हवं असं नाही. बायको असेल, बहीण असेल, शाळेतला जुना सहकारी असेल. त्या माणसाला तसं तोंडानं सांगा, की हा अधिकार मी तुला देतोय. न सांगता कुणी तो वापरणार नाही.

आता नाना.

दुसऱ्या सकाळी तुम्ही पाया पडलात ते मनापासून होतं, याबद्दल मला शंका नाही. पण वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात. तुम्ही वाकलात म्हटल्यावर नानांनाही वाकावंच लागलं, "माउली" म्हणावंच लागलं. तो रिवाज आहे, आणि रिवाज फार सुंदर आहे. पण त्या सकाळी त्यानं नानांचं तोंड बंद केलं. त्यांना काय लागलं ते सांगायला जागाच उरली नाही. ते इतके महिने गप्प आहेत, आणि बोलतायत ते फक्त न येण्यातून. गावात याहून स्पष्ट कुणी बोलत नाही.

त्यांच्या घरी जा. एकटे जा, कुणाला मध्ये घालू नका. सरपंच, गावातले महाराज, कुणीही नको. जाताना यादीची वही नेऊ नका आणि "यंदा या" असं म्हणूच नका, नाहीतर माफी मागायला आलाय की आचारी शोधायला, हे त्यांना कळणार नाही. बसा, आणि जे बोललात ते शब्द तसेच्या तसे पुन्हा उच्चारा. साधारण असं: "नाना, नातेपुत्याला मी तुम्हाला फुकट पंढरपूर बघायला येता म्हणालो. सगळ्या पंगतीसमोर म्हणालो. सिलिंडर मी विसरलो होतो. ती माझी चूक होती आणि मी ती तुमच्यावर घातली." एवढंच. झोप झाली नव्हती, अण्णांची आठवण येत होती, हे सगळं खरं असलं तरी तिथे सांगू नका. ते ऐकलं की नाना लगेच तुमची समजूत काढायला लागतील आणि त्यांचं दुखणं पुन्हा मागे राहील. ते रागावले तर ऐकून घ्या. गप्प राहिले तर तुम्हीही गप्प बसा, चहा आला तर प्या आणि उठा.

"फुकट" या शब्दाचं मात्र वेगळं निस्तरावं लागेल. ज्या माणसाकडे भिशी भरण्याइतके पैसे नसतात आणि जो त्याऐवजी अंगमेहनत घालतो, त्याला तो शब्द कुठे लागला असेल ते तुम्ही जाणता. आळीतली बाकीची घरं नानांच्या प्रेमापोटीच थांबलीत असं समजू नका. उद्या आपल्यालाही कुणी असंच म्हणेल, हे त्यांनी ऐकलंय. म्हणून भिशीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, तोच शब्द परत घ्या. अपमान चारचौघांत झाला होता, माफी एकांतात मागून तो भरून येत नाही. आणि वहीत स्वयंपाकाच्या माणसांच्या नावापुढे कोरं ठेवत असाल तर यंदापासून "सेवा" असं लिहा. त्या रकान्यात काय लिहिलंय ते लोक बघतात.

तुमच्या डोळ्यांसमोर रोज रात्री घडणारी एक गोष्ट आठवा. पालखी तळावर पोचते, समाजआरतीला दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळांचा गजर चाललेला असतो. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंच करून "होऽऽ" अशी हाक देतात आणि एवढा मोठा समुदाय एकदम शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. सगळा तळ गप्प आणि एकच दिंडी वाजतेय. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते विचारतात, मार्ग काढतात. हरवल्या-सापडल्याचं पुकारलं जातं. त्यानंतर आरती. म्हणजे गाऱ्हाणं ऐकून झाल्याशिवाय आरती होत नाही, आणि गाऱ्हाणं असलेल्याला बोलावून घेत नाहीत, त्याच्यापर्यंत चालत जातात. हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजचं रूप दिलं. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, माणसं हुकमानं हलवायची सवय असलेले. सोहळ्याच्या शिस्तीत ते लष्करी वळण आजही दिसतं. पण आळंदीच्या महाद्वारात त्यांचं स्थान आहे ते पायरीशी. कार्तिकीचा सोहळा त्या पायरीच्या पूजनानं सुरू होतो.

हीच रीत तुमच्या १४० माणसांत आणा. मोठ्या तळावर एक दिंडी टाळ वाजवू शकते, पण तुमच्या दिंडीतल्या एकट्या माणसाकडे वाजवायला काय आहे? नानांकडे काय होतं? रात्री हरिपाठ संपला की पंगतीच्या आधी टाळ थांबवा आणि विचारा, कुणाचं काही राहिलंय का. पहिले दोन-तीन दिवस कुणी बोलणार नाही. मग पाण्याबद्दल बोलतील, तंबू गळतो म्हणतील. खरं बोलणं त्यानंतर येतं, आणि तेव्हा तुम्ही काय करता यावर सगळं अवलंबून आहे. लगेच उत्तर देऊ नका. ऐका, वहीत लिहा, झोपण्यापूर्वी त्या माणसाकडे स्वतः जा.

एक गोष्ट मला राहून राहून खटकली. एवढ्या मोठ्या पत्रात एकाही बाईचा उल्लेख नाही. तुमच्या दिंडीत निम्म्या तरी बायका असतील. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या, पहाटे तीनला अंधारात टँकरपाशी आंघोळीला रांग लावणाऱ्या, आडोसा शोधत लांब जाणाऱ्या. त्यांची गाऱ्हाणी चारचौघांत बोलण्यासारखी नसतात. त्यांच्यातल्याच एकीकडे, जिचं बाकीच्या ऐकतात तिच्याकडे, ही जबाबदारी रीतसर द्या आणि तिच्या म्हणण्यावर खर्च करायची मुभाही द्या. मुभा नसेल तर ती जबाबदारी नावापुरतीच राहील.

आणि वीणा सोडण्याबद्दल.

अपराधी वाटतंय म्हणून सोडू नका. त्या भरात सोडलीत तर नानांचं राहील तसंच, आणि गाव म्हणेल नानांमुळे अण्णांच्या पोरानं दिंडी सोडली. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझं. पण सगळं एकट्यानं वाहू नका, हे मात्र मी जोर देऊन सांगते. अण्णांनी तिन्ही कामं एकट्यानं केली. ते मोठेपण होतं, पण त्यांनी ते अख्ख्या आयुष्यात हळूहळू उभं केलं होतं. तुमच्याकडे ते एका दुपारी ओट्यावर आलं. सप्ताहात वीणा अखंड उभी असते, ती खाली ठेवत नाहीत, आणि म्हणूनच पहारे लावतात. एकाचा पहारा संपला की दुसरा उभा राहतो, एकमेकांच्या पाया पडून वीणा गळ्यातून गळ्यात जाते. चोवीस तास एकट्यानंच उभं राहावं अशी अपेक्षा कुणी करत नाही. वही आणि भिशी एकाकडे द्या. ट्रक, गॅस, पाणी दुसऱ्याकडे. "अण्णा असते तर" म्हणणाऱ्या त्या गृहस्थांकडे यातलं एखादं काम द्यायला मी कचरणार नाही. त्यांना बारकावे कळतात असं दिसतंय. तुम्ही वीणा सांभाळा आणि माणसांकडे बघा.

हे सगळं करूनही पुढची आषाढी तशीच गेली, लोक तुमच्याशी बोलायला बिचकू लागले, तर मात्र वीणा दुसऱ्याकडे द्या आणि त्याच दिंडीत टाळ घेऊन चाला. त्यात कमीपणा नाही. विणेकरी न राहता वारकरी राहणं ज्याला जमतं त्याच्याबद्दल मला फार आदर आहे.

फाल्गुनात अण्णांचं वर्षश्राद्ध येईल. त्या दिवशी दिंडीची बैठक घेऊ नका, कुणी कितीही म्हटलं तरी. तो दिवस मुलाचा असू द्या. जमलं तर त्याआधी एकदा घरच्यांबरोबर बसून अण्णांबद्दल बोला: दिंडीचे प्रमुख म्हणून नाही, बाप म्हणून. रडू आलं तर येऊ द्या. झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, राग हाताबाहेर जातोय असं वाटत असेल तर सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. कुठल्याही वेळी लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हरिपाठ म्हणणाऱ्यानं असा फोन करणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं मुळीच नाही. गुडघे दुखले तर वारीतले लोक तळावरच्या दवाखान्यात जातातच.

भिशीची बैठक बहुतेक ठिकाणी चैत्रात होते. तुमच्याकडेही तसंच असेल तर नानांच्या घरी त्याआधी चांगला महिनाभर जाऊन या. त्यांना विचार करायला वेळ लागेल. आणि बैठकीत ते आले नाहीत तरी तुम्ही जे बोलायचं ठरवलंय ते बोला.